पिल्लू काचेच्या पेटीत आहे, त्याची आई कुठे आहे?

पत्राचा सारांश : ठाणे परिसरातील एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा बरेच दिवस कुत्रा हवा म्हणून मागे लागला आहे. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे, म्हणून घराजवळच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी लॅब्रेडॉरचे एक पिल्लू पसंत केले. पिल्लू ४५ दिवसांचे असल्याचे दुकानदाराने सांगितले. ‘केसीआय पेपर’सह (म्हणजे वंशावळीच्या प्रमाणपत्रासह) किंमत २८,००० रुपये, पेपरशिवाय १५,००० रुपये. त्यांनी २,००० रुपये विसार दिला. दुसऱ्यांदा पाहायला गेल्यावर मात्र पिल्लाचे डोळे चिकटलेले होते आणि ते कोपऱ्यात नुसते पडून होते. पतीचे म्हणणे असे, की दुकानात निदान बिल आणि गॅरंटी मिळते, अनोळखी माणसाकडून घेण्यापेक्षा ते बरे. सासूबाईंनी ‘एवढेसे पिल्लू आईपासून तोडले कोणी?’ एवढे एकच विचारले आणि त्या गप्प झाल्या. अशा दुकानांबद्दल वाचल्यावर भगिनींना माघार घ्यावीशी वाटते आहे, पण मुलगा रडतो आहे : ‘आपण नाही आणले तर ते मरेल.’ त्या विचारतात, की पिल्लू विकत घेणे चूक, की त्याला तिथे सोडून येणे चूक? आणि दिलेला विसार परत मिळेल का?

प्रिय भगिनी,

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रात मला कुठेच सापडले नाही. तुम्ही दुकानदाराला किंमत विचारलीत, पेपर विचारलेत, खाणे काय द्यायचे तेही विचारलेत. मात्र या पिल्लाची आई कुठे आहे आणि ती कशी आहे, हे विचारल्याचे दिसत नाही. यात तुमचा दोष नाही, कारण दुकानाची सगळी मांडणीच तो प्रश्न मनात येऊ नये अशी असते. काचेची स्वच्छ पेटी, खाली कागदाचे कातरण, वर दिवा आणि शेजारी गळपट्ट्यांची रंगीत रांग. मुंबईकरांच्या तर पिढ्याच क्रॉफर्ड मार्केटमधली पिंजऱ्यातली पिल्ले पाहत मोठ्या झाल्या, त्यामुळे आईशिवाय विक्रीला ठेवलेले पिल्लू आपल्याला खटकेनासे झाले आहे.

दुकानदार पिल्ले जन्माला घालत नाही. ती येतात पैदास करणाऱ्याकडून, आणि पुष्कळदा मधल्या दलालामार्फत. कुठे एखाद्या शेडमध्ये, कुठे बंद फ्लॅटच्या गॅलरीत, कुठे गच्चीवर पिंजऱ्यात ठेवलेली मादी माजावर आली की नराकडून भरवली जाते, व्याली की पिल्ले उचलली जातात आणि पुढच्या माजाला पुन्हा तेच होते. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, यावरून हिशेब करावा. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार १८ महिन्यांच्या आतील मादीची पैदास करता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेत घेता येत नाहीत. शिवाय पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. जो हे पाळतो त्याला आपली मादी दाखवायला अडचण नसते. जो पाळत नाही त्याला ती दाखवणे परवडत नाही, आणि अशा माणसाची सोय दुकान करते : पिल्लू एका गावात, आई दुसऱ्या गावात, आणि मधल्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नाही.

इंग्लंडमध्ये नेमक्या याच कारणासाठी ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतील पिल्ले तिसऱ्या माणसाने विकण्यास बंदी आली. तिथे पिल्लू घ्यायचे तर ते जिथे जन्मले तिथे जाऊन, आईसोबत पाहूनच घ्यावे लागते. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून दुकानांवर असेच निर्बंध आणले आणि फ्रान्सने २०२४ पासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्री थांबवली. भारतात दुकानांवर सरसकट बंदी नाही. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य मंडळाकडे नोंदणी हवी, प्राणी कुठून आला आणि कुणाला विकला याच्या नोंदी हव्यात, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये.

आता तुमच्या पिल्लाचे वय पाहा. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. दुकानदाराने ४५ सांगितले, म्हणजे नियम मोडत असल्याचे त्याने तुम्हाला तोंडानेच सांगितले, आणि हा आकडा त्याच्या लेखी इतका सर्वसाधारण आहे, की तो लपवावा असेही त्याला वाटले नाही. तुम्ही पिल्लू पाहिले तेव्हा ते काही दिवस तरी दुकानात असणार, त्याआधी प्रवासात असणार. तेव्हा ते आईपासून ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास तुटले असावे, असा माझा अंदाज आहे. एवढी घाई का करतात? लहान पिल्लू गोंडस दिसते आणि लवकर विकले जाते. प्रत्येक जास्तीच्या आठवड्याचे खाणे आणि लस खर्चात पडते, आणि तीन महिन्यांचे लांबट पायांचे पिल्लू झाले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

त्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू आईजवळ काय शिकते, याला मात्र बाजारात भाव नाही. भावंडाला जोरात चावले की ते ओरडते आणि खेळ थांबतो; आईला चावले की ती फटकारते. दात किती जोराने लावायचे याचे हे शिक्षण माणसाला नंतर देणे फार कठीण जाते, आणि ज्या घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे त्या घराला त्याची सर्वाधिक गरज असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असते : माणसांचे आवाज, मिक्सर, जिना, पाऊस, दारावरची बेल. हा काळ काचेत गेला तर पुढे पुष्कळ कुत्री साध्या गोष्टींना घाबरतात, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दुकानातून आणलेल्या ४१३ कुत्र्यांची तुलना त्यात थेट पैदास करणाऱ्यांकडून आणलेल्या ५,६५७ कुत्र्यांशी केली होती. दुकानातल्या कुत्र्यांत घरच्यांवर आणि अनोळखी माणसांवर गुरगुरणे किंवा धावून जाणे अधिक आढळले, आणि घरात घाण करणेही. शेवटच्या गोष्टीचे कारण सहज लक्षात येते. कुत्र्याचे पिल्लू मुळात झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करू पाहते. पेटीत त्याला जिथे झोपायचे तिथेच सगळे करावे लागते, आणि एकदा ती किळस मेली की घरी आल्यावर शिकवणे जड जाते.

तुमच्या पतींचा मुद्दा मी हलका मानत नाही. बिल आणि जबाबदार माणूस हवा, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. पण दुकानदार देतो ती गॅरंटी कशाची आणि किती दिवसांची, हे त्यांनी त्याच्याकडून लिहून मागावे. बहुधा दोन-तीन दिवसांची तोंडी हमी मिळते, आणि पावतीवर छापलेले असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आता हे पार्व्होच्या शेजारी ठेवून पाहा. पिल्लांना होणाऱ्या या विषाणूजन्य आजारात उलट्या, रक्ताचे जुलाब आणि ग्लानी येते, आणि वेळेवर सलाइन व उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे जातात. म्हणजे दुकानात लागण झालेले पिल्लू तुमच्या घरी दोन दिवस नाचते-बागडते, गॅरंटी संपते आणि मग ते आजारी पडते. तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडे ठणठणीत होते, तुम्हीच काहीतरी खाऊ घातले असेल.’

दुकानात लागण होण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यालाही कारण आहे. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागते. पण ते पूर्ण जाईपर्यंत लसही नीट लागू पडत नाही, म्हणून तर पशुवैद्य दर दोन ते चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत लस देत राहतात. या मधल्या नाजूक काळात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली पिल्ले एका खोलीत, एकाच फडक्याने पुसलेल्या पेट्यांत राहतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि घरातल्या साध्या फिनाइलने मरत नाही. तेव्हा ‘एक लस झाली आहे’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. कार्डावर लसीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

राहिले ‘केसीआय पेपर’. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे हे प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगते. पिल्लू निरोगी आहे, आईला नीट ठेवले आहे किंवा आईबापांच्या सांध्यांची तपासणी झाली आहे, असे ते सांगत नाही. आणि लॅब्रेडॉरमध्ये तर खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. एकाच पिल्लाचे पेपरसह आणि पेपरशिवाय असे दोन भाव सांगितले जातात, यातच काय ते समजावे. वंशावळ खरी असेल तर ती पैसे कमी दिल्याने नाहीशी होत नाही.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडे येतो, कारण मला वाटते तुम्ही खऱ्या अडकला आहात त्या तिथे. ‘आपण नाही आणले तर ते मरेल.’ ही दया खोटी नाही आणि तिला ‘भाबडेपणा’ म्हणून बाजूला सारू नका. पण दुकानदाराच्या वहीत दयेची आणि हौसेची नोंद वेगवेगळी होत नाही. पिल्लू विकले गेले, एवढेच तिथे लिहिले जाते. पेटी रिकामी झाली की दलालाला फोन जातो आणि तीन-चार दिवसांत त्याच पेटीत दुसरे पिल्लू येते, तेही तितक्याच दिवसांचे आणि बहुधा त्याच आईसारख्या दुसऱ्या आईचे. आजारी दिसणारे पिल्लू दयेपोटी उचलले जाते हे या धंद्यातल्या माणसांना चांगले ठाऊक आहे; काही जण तर अशा पिल्लाचा भाव थोडा कमी करून ‘घेऊन जा ताई, पुण्य लागेल’ असेही म्हणतात. तुमचे पैसे या पिल्लाची सुटका करतील, हे खरे. त्याच पैशांनी ती मादी पुढच्या माजाला पुन्हा भरवली जाईल, हेही तितकेच खरे. माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही हे पिल्लू विकत घेऊ नये.

असे म्हटल्यावर त्या पिल्लाला वाऱ्यावर सोडा असा त्याचा अर्थ होत नाही. दुकानात पुन्हा जा, शक्यतो पतींना घेऊन. आवाज न चढवता दुकानाचे नोंदणी प्रमाणपत्र, पैदास करणाऱ्याचे नाव व नोंदणी आणि लसीचे कार्ड दाखवायला सांगा, आणि पिल्लाला पशुवैद्याला दाखवले का ते विचारा. पिल्लाचे आणि पेटीचे फोटो तारखेसह ठेवा. विसाराची पावती किंवा यूपीआयची नोंद जपून ठेवा. मग लेखी तक्रार करा : जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे. उपासमार, दाटी किंवा हेळसांड यांमुळे वेदना सोसणारा प्राणी विक्रीस ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे तक्रारीत लिहा. परिसरातल्या एखाद्या प्राणीमित्र संस्थेलाही कळवा, कारण कोणत्या टेबलावर कागद अडतो हे त्यांना माहीत असते. हे पिल्लू वाचेलच असे वचन मी देऊ शकत नाही. सरकारी कागद सावकाश हलतो आणि तोवर बहुधा दुसरेच कुणीतरी त्याला घेऊन जाईल. लॅब्रेडॉरची पिल्ले दुकानात फार काळ राहत नाहीत. पण तक्रार नोंदली गेली की त्या दुकानाचा प्रश्न एका पिल्लापुरता राहत नाही.

माझे सगळे वाचूनही तुम्ही ते पिल्लू घरी आणाल, अशी शक्यता मी धरून चाललो आहे, आणि काही वाचकांच्या घरी तर असे पिल्लू आधीच आले असेल. त्यांच्यासाठी सांगतो : दुकानातून थेट पशुवैद्याकडे जावे, वाटेत नातेवाइकांकडे दाखवायला थांबू नये. शौचाची तपासणी आणि गरज वाटल्यास पार्व्होची चाचणी त्याच दिवशी करून घ्यावी. गोचीड असल्यास गोचीड-तापाबद्दल विचारावे. पहिले काही दिवस खाणे एकदम बदलू नये, आंघोळ घालू नये. लसीकरण पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात खाली सोडू नये, मात्र कडेवर घेऊन बाहेरचे जग जरूर दाखवावे. मुलांनी पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण जंत आणि गजकर्ण पिल्लाकडून मुलाकडे सहज येतात. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतल्या पिल्लांमुळे १८ राज्यांतील ११८ माणसांना कॅम्पिलोबॅक्टर जंतूंचा जुलाबाचा आजार झाला होता, आणि ते जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

मग कुत्रा आणायचा कुठून? लॅब्रेडॉरच हवा असेल, तर आई दाखवणारा पैदासकार शोधावा. त्याच्या घरी जावे, मादी माणसाजवळ आनंदाने येते की अंग चोरते ते पाहावे, नोंदणी आणि तिची आरोग्य तपासणी विचारावी, आणि पिल्लू ५६ दिवसांच्या आत द्यायला तो तयार असेल तर तिथूनच परतावे. चांगला माणूस उलट तुमचीच उलटतपासणी करील : घरी दिवसभर कोण असते, सोसायटी कशी आहे, पूर्वी कुत्रा होता का? तो काही महिने थांबायलाही सांगेल, म्हणजे वाढदिवस चुकेल. चुकू द्यावा. ‘आई दुसऱ्या ठिकाणी आहे’ किंवा ‘मी हायवेवर आणून देतो’ असे म्हणणारा माणूस म्हणजे बिनपाटीचे दुकानच.

दत्तक घेण्याचा पर्याय तुमच्या पत्रात एका वाक्यात निकाली निघाला आहे : ‘रस्त्यावरच्या कुत्र्याचा भरवसा नाही, आणि घरात मूल आहे.’ जातिवंत कुत्र्याचा आकार, केस आणि साधारण ताकद आधी सांगता येते, हे मान्य. स्वभावाची खात्री मात्र जातीने मिळत नाही. दीड-दोन वर्षांच्या देशी कुत्र्याला निवाऱ्यात जाऊन चार वेळा भेटलात, मुलाला त्याच्याशी खेळताना पाहिलेत, तर ४५ दिवसांच्या पिल्लापेक्षा त्याच्याबद्दल तुम्हाला कितीतरी अधिक कळलेले असेल, कारण तो जो होणार होता तो झालेला आहे. संस्था बहुधा लसीकरण आणि नसबंदी करूनच कुत्रा देतात. पैदास थांबल्यावर किंवा मालक परदेशी गेल्यावर सोडून दिलेले लॅब्रेडॉरही तिथे येतात, हे मुद्दाम सांगतो. दत्तक पिल्लेही आजारी असू शकतात, काही कुत्री भेदरलेली असतात, आणि ‘फुकट दत्तक’ अशी जाहिरात देऊन आधी वाहतूक खर्च मागणारे भामटेही आहेत. तेव्हा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी बोलायला हवी. लॅब्रेडॉर साधारण दहा-बारा वर्षे जगतो. तुमचा मुलगा तेव्हा बाविशीचा असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. दुपारी घरी सासूबाई असतात, म्हणजे पिल्लाची पहिली वर्षे मुख्यतः त्यांच्या अंगावर पडणार. आणि ज्यांनी सर्वांत नेमका प्रश्न विचारला त्यांचे मत मात्र अजून कुणी विचारलेले दिसत नाही. ते विचारा. मुलाला खरे कारण सांगा, ‘दुकान बंद झाले’ असली थाप मारू नका. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळते. तक्रारीचा मसुदा तुमच्याबरोबर बसून त्याला लिहू द्या, शनिवारी-रविवारी एखाद्या निवाऱ्यात मदतीला न्या. कुत्र्याची शी उचलायला तो आठवडाभराने कंटाळतो की नाही, हेही तुम्हाला तिथे आयतेच कळेल.

विसाराबद्दल. जे पिल्लू नियमानुसार विकताच येत नाही, त्याचा विसार परत मागण्यात तुम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही. तोंडी मागून न मिळाल्यास पिल्लाचे वय, दुकानदाराने सांगितलेली किंमत आणि विसाराची तारीख लिहून लेखी मागणी करा व पोच घ्या. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात आणि ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. दोन हजारांसाठी एवढा खटाटोप करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण दुकानदार ‘विसार बुडेल, त्यापेक्षा पिल्लूच घेऊन जा’ असे म्हणू लागला, तर दोन हजार वाचवण्यासाठी आणखी तेरा किंवा सव्वीस हजार देऊ नका.